बसमधली कोंबडी

लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक सुचवावं तर ते मारियुननंच, म्हणजे मीच, असं आमचं गाव म्हणतं आणि मीही नाही म्हणत नाही. फेरो बेटांवरच्या या गावात, शाळेच्या तळघरातलं वाचनालय मी एकोणीस वर्षं सांभाळते आहे. झोपायला छळणाऱ्या पोराला मी शिंक दाबून धरणाऱ्या देवमाशाचं पुस्तक देते. हट्टी पोरीला एकच बूट घालणारं अस्वल. माझा नेम सहसा चुकत नाही.

म्हणून हानुस तिसरं पुस्तकही परत घेऊन आला तेव्हा मी चिडलेच. हानुस मासळीच्या कारखान्यात काम करतो. त्याची बायको एल्स्पा मार्चमध्ये गेली. चार वर्षांची राकुल त्याच्यामागे, दाराशीच उभी होती. बूट काढायला तयार नव्हती.

"मावशी, अस्वलही नको म्हणते ही."

"अरे, अस्वल आवडलं नाही असं पोर अजून जन्माला यायचंय!"

"तिला ती बसमधली कोंबडीच हवीय."

"मग ने की. कपाटातच आहे."

"मागच्या महिन्यात नेली होती. वाचली, तर रडून आकांत. म्हणे, हे खोटं आहे, आईचं वाच. तेच पुस्तक गं, मावशी. माझंच वाचणं फालतू, दुसरं काय!"

आमच्याकडची पुष्कळशी चित्रांची पुस्तकं डॅनिशमध्ये असतात आणि शाळेत जाईपर्यंत पोरांना डॅनिश कळत नाही. त्यामुळे आईबाप डोळ्यांनी डॅनिश वाचतात आणि तोंडानं फेरोई बोलतात. काही हौशी आया तर आपला मजकूर कागदाच्या पट्ट्यांवर लिहून पानांवर चिकटवतात. घरच्या पुस्तकात खुशाल चिकटवा. वाचनालयाच्या पुस्तकात मात्र मी चालवून घेत नाही. किटलीच्या वाफेवर धरून एकेक पट्टी सोडवते.

मी कोंबडीचं पुस्तक काढून उघडलं. डॅनिश ओळींवर डिंकाचे पिवळट डाग होते. जानेवारीत या पुस्तकातल्या पट्ट्या मीच सोडवल्या होत्या. हिरवी शाई, बारीक अक्षर. एकही ओळ न वाचता कचऱ्यात टाकल्या आणि वर एल्स्पाला चिठ्ठी धाडली, की वाचनालयाची पुस्तकं म्हणजे घरच्या वह्या नव्हेत. ती बिचारी स्वतः येऊन माफी मागून गेली, रुबार्बच्या मुरंब्याची बरणीही देऊन गेली. मी ती ठेवून घेतली.

"हानुस, एल्स्पा यात काय लिहीत होती रे?"

"डिसेंबरात लिहीत बसायची. तोवर डॉक्टरांनी सांगितलं होतं सगळं. मी विचारलं तर म्हणाली, तुझ्यासाठीच आहे, नंतर कळेल. मग कोपनहेगनच्या इस्पितळात हलवलं, आणि राहूनच गेलं."

हे पुस्तक छापायचं कधीच बंद झालंय. सगळ्या बेटावर ही एकच प्रत, म्हणून तिनं यातच लिहिलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"त्या पट्ट्या मी काढल्या. फेकून दिल्या," मी म्हणाले.

हानुस डागावरून अंगठा फिरवत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग त्यानं पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "चल राकुल, घरी जाऊ."

राकुलनं त्याच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं, बुटांसकट जमिनीवर फतकल मारली आणि पहिल्या पानावरच्या डागावर बोट ठेवलं.

"इथं आहे, कोंबडी बसमध्ये चढली. डायवर म्हणाला, तिकीट? कोंबडी म्हणाली, बाबांना विचारा, ते मागं बसलेत."

मी वाकून पाहिलं. चित्रात मागच्या बाकावर टोपीवाला एक माणूस होता. डॅनिश मजकुरात त्याचं नावही नाही.

"तो बाबा आहे?" हानुसनं विचारलं.

"मग? टोपी बघ ना तुझी!"

"थांब गं माझी बाई, हळू सांग," म्हणत मी कागद, कात्री घेऊन तिच्याशेजारी बसले. तिला पान न् पान पाठ होतं. मी एखादा शब्द बदलला की ओरडायची. ती सांगत गेली, मी पट्ट्यांवर लिहीत गेले आणि वाचनालयाच्या पुस्तकात माझ्या हातानं डिंक लावून चिकटवत गेले. मध्येच कधीतरी तिनं बूट काढून टाकले.

"आता तू वाच," तिनं बापाला फर्मावलं.

हानुस अडखळत वाचत शेवटच्या पानावर आला. "कोंबडीनं विचारलं, बाबा, तुम्ही कुठं उतरणार? बाबा म्हणाले, तू उतरशील तिथं."

त्याच्यानं पुढं बोलवेना. मी राकुलकडे पाहिलं. आता आकांत होणार, असं वाटलं.

"बरोबर," ती म्हणाली. "आईपण इथं थांबायची."