बिनटाक्याचं भिंग

माझी नातवंडं म्हणतात, आजीच्या बोलण्यात निम्म्या थापा असतात. हे साफ खोटं हाय. पाऊण असतात. पण सरूच्या डोळ्याचं सांगताना मला फारशा माराव्याच लागत नायत.

सरू माझी धाकटी बहीण. पेणजवळ जोह्यात तिच्या मुलाचा, प्रविणचा, गणपतीचा कारखाना हाय. तिथली आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम, तीस वर्षं तीच करते. तिनं काढलेले डोळे असे, की एकदा चोर आत शिरला, चाळीस बाप्पा आपल्याकडं बघतायत म्हणून घाबरला आणि जाताना स्वतःचंच घड्याळ ठेवून गेला.

ज्येष्ठात एका मंडळाची पाच फुटी मूर्ती तिच्यापुढं होती. उजवा डोळा झाला. डाव्याला कुंचला टेकवला नि थांबली.

"बाय गो, बाप्पाला तीन डोळे दिसतात."

"शंकराचा पोर तो. बापावर गेला असंल."

ती हसली नाय. तेव्हा मला भीती वाटली. सरूचा एक डोळा लहानपणापासूनच अधू. कामाचा दुसरा एकच, आणि त्यात आठ वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढून भिंग बसवलेलं. तेच जागेवरून सुटलं होतं. गावात मी सांगितलं, खाडीत जिताडा माशानं शेपटी मारली. खरं तर काय झालंच नव्हतं; भिंगाला धरणारी आतली पिशवीच सैल पडली होती.

आता आमच्याकडं एका मूर्तीचे दोन्ही डोळे एकाच हातचे लागतात. दोन हातांनी काढले तर बाप्पा एका डोळ्यानं पेणला बघतो, एकानं पनवेलला. प्रविणनं मूर्तीवर कापड टाकलं आणि आम्ही पेणला गेलो.

पेणचे हैबतराव डॉक्टर म्हातारे, निवांत. म्हणाले, "नवीन भिंग बसवावं लागेल. भिंगाला दोन बाजूंना केसासारखे दोन पाय असतात. मी ते डोळ्याच्या पांढऱ्या भागाला दोऱ्यानं शिवतो. वीस वर्षं शिवतोय. बहुतेकांचं उत्तम चाललंय, पण एखाद्याचा दोरा काही वर्षांनी झिजतो. कोणी त्या पांढऱ्या भागातच कप्पा करून पाय त्यात सरकवतात आणि वर गोंद लावतात. कोणी भिंग बुबुळाच्या रंगीत पडद्यालाच चिमट्यासारखं अडकवतात."

"आणि कललं तर?" सरूनं विचारलं.

"तर दिसतं, पण रेघेला सावली येते."

डॉक्टरांनी तिच्या बोटांवरचा रंग बघितला. "तुमचं काम केसाएवढ्या रेघेचं. रोह्याला सुरभीकडे जा. ती बिनटाक्याचं बसवते. शिकली माझ्याकडे, पण आता माझ्या पुढे गेली."

मी उभ्या जन्मात असा कारखानदार बघितला नाय, जो आपलं गिऱ्हाईक हौसेनं दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडील.

रोह्याची सुरभी डॉक्टरीण पोरसवदा. तिनं कागदावर डोळा काढला. सरू कुजबुजली, "गोल बरा काढते." मग सुरभीनं समजावलं: पांढऱ्या भागातनं दोन बाजूंनी दोन पोकळ सुया तिरक्या घालायच्या. भिंगाचा एकेक पाय सुईत शिरवायचा. सुई मागं घेतली की पाय बाहेर. त्याच्या टोकाला धग दाखवायची, टोक वितळून बारीक गोळा होतो, आणि तो आत दाबून टाकायचा. "टाका नाही, गोंद नाही."

"अगो, हे तर धरमतरच्या खाडीवर सगळे कोळी करतात!" मी ओरडलेच. "नायलॉनच्या दोरीचं टोक काडीनं जाळलं की गोळा होतो. मग भोकातनं सुटत नाय."

"अगदी तेच, मावशी."

त्या दिवसापासून जोह्यात सगळ्यांना ठाऊक हाय, की रोह्याच्या डॉक्टरणीला मी शिकवलं.

सरूला मात्र वेगळंच हवं होतं. "चुकतं ते कुठं चुकतं, पोरी?"

"सुया बरोबर समोरासमोर लागतात. एक जराशी सरकली की भिंग कलतं. म्हणून आधी मोजून खुणा करते."

"मी पण करते. हात बघू?"

सुरभीनं दोन्ही हात पुढं धरले. सरू बराच वेळ बघत राहिली.

"चहा पितेस?"

"ऑपरेशनच्या दिवशी नाही."

"मी पण आखणीच्या दिवशी नाय," सरू म्हणाली आणि सोमवार ठरला.

डोळा बधिर केलेला, सरू जागी. पहिली सुई गेली, पहिला पाय बाहेर आला. दुसऱ्या सुईच्या वेळी बोटाला लावलेलं यंत्र टीं टीं ओरडायला लागलं.

"मावशी, श्वास घ्या! का रोखलाय?"

"तू रेघ ओढतेस ना. रेघ होईस्तो श्वास घ्यायचा नाय."

"माझी रेघ आहे, तुम्ही घ्या!"

सरू म्हणते, डॉक्टरीण हसली, पण हात हलला नाय. हसताना हात न हलणारं माणूस तिनं तोवर बघितलं नव्हतं.

सव्वा महिन्यानं, जवळचा चष्मा लावून, सरू मूर्तीपुढं बसली. प्रविणनं कापड काढलं. तिनं डावा डोळा काढला. एका दमात, एका रेघेत. आम्ही सगळे हात जोडून उभे. प्रविणच्या डोळ्यांत पाणी.

सरू मागं सरली. डावा बघितला, उजवा बघितला. मग पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि उजव्या डोळ्यावर सपकन कुंचला फिरवला.

"आये! काय करतेस?" प्रविण किंचाळला. "महिनाभर लोक कापड वर करून वा वा करून गेले!"

"त्यांना काय कळतंय? भिंग तेव्हाच हललेलं होतं, वैशाखापासनंच असंल. वाकडा हाय तो." तिनं नव्यानं उजवा काढला. आणि खरं सांगते, थाप नाय, आधीचा वाकडा होता हे आम्हाला तेव्हा दिसलं.

मग ती उठली, पदराला हात पुसले, आणि चष्म्याच्या वरनं मांडवातल्या फळ्यांवरच्या मूर्तींवर नजर फिरवली.

"वैशाखापासनं मी डोळे काढलेल्या किती हायत रे, प्रविण?"

प्रविणनं वही उघडली. "त्रेसष्ट."

"सगळ्या खाली उतरव," सरू म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आणि शांतीबाय, तू चहा कर. तुझ्यापुरताच."