हनुवटीखालची तार

तंत्रज्ञ बाईंनी हनुवटीखाली आणखी एक तार चिकटवली, तसा तो म्हणाला, "अहो, माझी दाढीसुद्धा एवढ्या निगुतीनं कुणी केली नाही."

"बोलू नका, हनुवटी हलतेय," बाई हसून म्हणाल्या. झोपेत स्नायू किती सैल पडतात, ते या तारा दाखवणार होत्या. तो रात्रपाळीचा पहारेकरी. त्याची झोप दिवसाची, म्हणून तपासणीही भरदिवसा, पडदे ओढून.

बायको खाटेशेजारी बसली. बघता बघता तो घोरायला लागला आणि नेहमीसारखा मध्येच गप्प झाला. छाती धडपडतेय, पण श्वास नाही. तिचं कोपर आपोआप उठलं आणि त्याच्या बरगडीत बसलं. तो घुसमटत श्वास घेऊन कुशीवर वळला.

बाई धावतच आत आल्या. "ताई, असं नका करू. सगळी नोंद बिघडते."

"पण मी ढोसलं नाही तर..."

बाईंनी तिला काचेपलीकडच्या खोलीत नेऊन बसवलं.

कित्येक वर्षं ती अशी त्याच्या उशाशी जागत आली होती. शिवणाचं दुकान त्यापायी बंद केलं. लेकीनं बाळंतपणाला ये म्हणून फोनवर रडून आकांत केला, तरी ही गेली नाही. "बाबांना काही झालं तर?" एवढंच म्हणाली. लेक परक्या गावी एकटीच अडली. बाळ हाती लागलं नाही. तेव्हापासून लेकीनं बोलणं टाकलं, ते टाकलंच.

तिथल्या यंत्राच्या पडद्यावर हनुवटीच्या तारेची रेघ बारीक होत होत सपाट झाली. घोरणं थांबलं.

"श्वास थांबलाय हो त्यांचा! सोडा मला!"

"जरा बघा तर."

रेघ सपाटच. आणि एकाएकी रेघ दाट, काळी झाली. पलीकडे त्यानं फस्सकन श्वास ओढला आणि पुन्हा घोरायला लागला.

"कुणी उठवलं त्यांना?"

"कुणी नाही. श्वास अडला की मेंदूच जागं करतो, स्नायू ताठ होतात, वाट मोकळी होते."

"म्हणजे मी नसते, तरी?"

"तरी आला असता श्वास. आजार आहेच, उपचार हवेतच. पण तुम्ही कशाला जागता? खुशाल झोपत जा."

ती झोपली नाही की उठलीही नाही. रेघ सपाट व्हायची आणि आपली आपण भरायची. पुन्हा सपाट, पुन्हा भरायची. एकदा तरी, एकदाच, ती भरू नये, असं तिच्या मनात येऊन गेलं. ती चरकली. तोंडात पदर कोंबून बसून राहिली.

तो उठल्यावर बाई तारा काढू लागल्या. तिनं ओल्या कापसानं त्याच्या हनुवटीवरचा चिकटा पुसायला घेतला.

"काय हो, थांबतो ना माझा श्वास?"

"थांबतो. बऱ्याचदा," बाई म्हणाल्या.

"बघा! ही होती म्हणून आहे मी अजून." तो तिच्याकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते. "अगं, आजच लेकीला फोन लाव. म्हणावं, आता तर यंत्रानंच सांगितलं, तुझी आई उगाच नव्हती थांबली. आता पटेल तिला."

बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बायकोनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून.

"लावशील ना?"

"हनुवटी हलवू नका," ती म्हणाली, आणि चिकटा केव्हाच निघाला होता तरी पुसत राहिली.