हेलिओसचे केस गेले कुठे

रोडोस बेटावर दारूच्या रांजणांचे कान ओले असतानाच त्यांच्यावर ठसे मारतात. एका कानावर त्या वर्षीच्या पुजाऱ्याचं नाव, दुसऱ्यावर सूर्यदेव हेलिओसचं मुंडकं. यंदाचं मुंडकं थेउदोरसने कोरलं होतं. आजवर तो अंगठ्यांच्या मुद्रा कोरायचा, रांजणाचा हा पहिलाच ठसा. नवा पुजारी आज पसंती द्यायला येणार होता. ठसा पसंत पडला तर थेउदोरस कारखान्यात राहणार, नाहीतर उद्यापासून माती खणायला, असं मालकीण मेलिस्साबाईने बजावून ठेवलं होतं.

घरी मेणावर उठवून पाहिला तेव्हा देव झकास उमटला होता. कुरळे केस, भोवती किरण. इथे कानावर दाबला तर नाक, डोळे, हनुवटी आली आणि डोकं तुळतुळीत. ठशात पाहावं तर केस जागच्या जागी. कानावर पाहावं तर एकही नाही. पुढच्या कानावर तरी येतील या आशेने त्याने सकाळचे सगळे रांजण ठसवून काढले. मग तो मेजाखाली वाकून शोधू लागला.

काय हरवलं, म्हणून मेलिस्साबाईने विचारलं.

"देवाचे केस," तो खरंच काळजीने म्हणाला.

तिने एक कान निरखला. "अरे मेल्या, कान गोल आणि तुझा ठसा सपाट. मधलं तेवढं उमटणार, कडेचं हवेत राहणार."

थेउदोरसला वाटलं, हे अंगठीने कधी सांगितलं नाही. तेवढ्यात पुजारी दामोनिकोस आत आला. घाम पुसायला त्याने डोक्यावरची पानांची माळ काढली आणि खाली जे टक्कल दिसलं, ते हुबेहूब रांजणाच्या कानावर होतं. हनुवटीसकट.

पुजाऱ्याने रांजणावर वाकून ठसा निरखला. मग हळू आवाजात म्हणाला, "हा मी आहे का?"

हो म्हणावं तर देवाच्या जागी माणूस बसवला. नाही म्हणावं तर देवाला टकलू केलं. थेउदोरसने मालकिणीकडे पाहिलं. ती भट्टीकडे पाहत होती, आणि भट्टी तर पेटलेलीही नव्हती.

"मावळतीचा हेलिओस आहे, महाराज."

"आणि किरण?"

"ते आधी बुडतात. डोकं मागाहून."

पुजाऱ्याने आपल्या डोक्यावरून हात फिरवला. "म्हणजे देवाचं पण रोज संध्याकाळी असंच होतं?"

"रोज."

पुजाऱ्याने ठसा पसंत केला आणि माळ हातातच घेऊन निघून गेला. मेलिस्साबाईने थेउदोरसला उद्या वेळेवर ये म्हणून सांगितलं, गोल कानावर बसेल असा खोलगट ठसा कोरायला.

आपण बोललो ते खरं की खोटं, हे थेउदोरसलाच कळेना. संध्याकाळी खात्री करायला तो धक्क्यावर गेला. सूर्य पाण्याला टेकला होता, सगळ्या किरणांसकट, भरघोस. आणि धक्क्याच्या टोकाजवळ पुजारी उघड्या डोक्याने मोठ्या आशेने वाट पाहत उभा होता.

थेउदोरस नमस्कार करत पुढे झाला आणि बरोबर त्याच्या आणि सूर्याच्या मधे उभा राहिला.