कांदेलचा सराव

"ब्ली सद्रु आळसावलाय. सराव सोडलाय त्यानं." हे वाक्य दोन वर्षं सद्रुच्या काळजात सलत होतं. बोलणारा परका असता तर एकवेळ चाललं असतं. पण बोलला वायान कांदेल, त्याला ब्ली, म्हणजे दादा, म्हणणारा, आणि तेही बांजारच्या, म्हणजे वस्तीच्या, भर सभेत! गामेलानमध्ये, म्हणजे गावच्या वाद्यवृंदात, दोघांची वीस वर्षांची जोडी. एकाच्या सुरांमधल्या फटीत दुसऱ्यानं आपले सूर बसवायचे, इतके चपखल की एकच माणूस वाजवतोय असं वाटावं.

बिघडला होता सद्रुचा डावा हात. उजव्या हातानं काशाच्या पट्टीवर मोगरी मारायची आणि डाव्या हाताच्या चिमटीनं आधीची पट्टी धरून तिचा आवाज मिटवायचा. ती चिमटी उशिरा पोहोचायला लागली होती, बोटं आपोआप आत वळत होती. कांदेलचं बोलणं जिव्हारी लागलं म्हणून येड्यासारखा तो रोज सहा-सहा तास वाजवत सुटला. वर्षभरात बोटं पार आकडली.

मग देनपसार शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बोटाला लागोपाठ दोन टोचण्या दिल्या. त्याला एकच जाणवली. तेवढ्याच अंतरानं कानात दोन टिचक्या वाजवल्या, त्या मात्र त्यानं वेगळ्या ओळखल्या.

"कान तल्लख आहे तुमचा. बोटांचं वेळेचं भान गेलंय," बाई म्हणाल्या. "सुरुवातीलाच वाजवणं थांबवून आला असता तर बरं झालं असतं. सरावानंच घात केला."

सद्रुनं हे गावात कुणालाच सांगितलं नाही. वाद्यवृंदाचे प्रमुख, क्लियान राता, यांनी त्याला केम्पलीवर बसवलं. छोटीशी बसकी घंटा, तिच्यावर एकसारखा ठोका देत राहायचं, एवढंच काम. त्याचा कान चांगला, हे राताही मानत होते. कुणी चुकलं तर एकमेकांकडे बोट दाखवायचं नाही, केम्पलीवाल्याला विचारायचं आणि तो म्हणेल ते निमूट ऐकायचं, अशी तिथली रीत.

या वर्षी तालमी सुरू झाल्या आणि चौथ्याच दिवशी सद्रुचे कान टवकारले. कांदेलची एक पट्टी किंचित जास्त वाजत राहिली. कुणाला कळलं नाही, खुद्द कांदेललाही नाही. सद्रुला कळलं, हे आपलंच दुखणं, आणि त्याला आनंद झाला. खोटं कशाला बोला, चांगला उकळ्या फुटण्याइतका आनंद झाला.

देवळाच्या उत्सवात शेजारच्या गावाशी वादनाचा सामना होता. दुपारी, ऐन रंगात, सद्रुनं ठोका केसभर पुढे रेटला. मग आणखी केसभर. कांदेलची चिमटी मागे पडली, सुरांत सूर घुसले आणि सगळा गोंगाट झाला. समोरच्या गावातली पोरं तोंडावर हात ठेवून हसली.

दुसऱ्या दिवशी सभा बसली. रातांनी विचारलं, "केम्पलीवाले, बोला."

"कांदेलचा सराव कमी पडतोय," सद्रु म्हणाला. एकेक शब्द त्यानं चवीनं उच्चारला. आता कांदेल चवताळेल, शिव्या घालेल, असं त्याला वाटलं होतं. त्याला तेच हवं होतं.

कांदेलनं मान खाली घातली. "खरंय. मी कमी पडलो."

सभा उठल्यावर तो सद्रुमागून पायरीपर्यंत आला. "ब्ली, तेव्हा तुला बोललो ना, ते मला खरंच तसं वाटलं होतं. आपला सद्रु सरावानं सुधारेल, दुसरं काय असणार, असं वाटलं. राग धरला असशील तर सोड."

दोन वर्षं सद्रु ज्याला कपट समजत होता, तो नुसता अडाणीपणा निघाला. डॉक्टरीणबाईंचा पत्ता त्याला तोंडपाठ होता. एवढा एक पत्ता सांगितला असता तर कांदेलचा हात अजून वाचला असता.

"मी रोज पहाटे तुझ्याकडे येतो," कांदेल म्हणाला. "चार तास, पाच तास, तू म्हणशील तेवढं वाजवतो. ठोका धरशील माझ्यासाठी?"

सद्रुनं त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. करंगळी जराशी आत वळलेली होती.

"धरीन की," तो म्हणाला. "उद्यापासूनच ये."