जित्याच्या अंगचं कापड

"अम्मा, कैंची देव! ऐसी धार लगातूँ की हवा बी कटको गिरती!"

भालकीच्या बाजूने सायकल ढकलत येणाऱ्या धारवाल्याची ही हाळी मला अजून ऐकू येते. त्याच्या सायकलीवर सहाण गरगर फिरायची, ठिणग्या उडायच्या आणि मी अंग चोरायची. तो धारवाला आता कुठे असतो कोण जाणे.

मित्रांनो, मी एक जुनी कातर आहे. खटकचिंचोळीच्या लोहाराने मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तोडून मला घडवलं. माझं एक पातं जन्मापासून किंचित आखूड आहे. त्यामुळे एकाही शिंप्याने मला घेतलं नाही. लिंगम्माने घेतलं. ती तेव्हा नवी सून होती. तिच्या अंगठ्यात मी अशी बसले की चाळीस वर्षं तिचीच होऊन राहिले.

लिंगम्मा वाकळा शिवायची. गावोगावच्या बाया घरच्यांनी आपल्या हाताने दिलेली जुनी लुगडी, धोतरं, झंपर गाठोड्यात बांधून आणायच्या. ती एकेक कापड उन्हासमोर धरून बघायची. विरलेलं बाजूला, टिकाऊ ते दुरडीत. मग तीन ढीग लावायची: उजळ, गडद आणि मधलं. हात लावून ती सांगे, हे पाटील घराण्याच्या आजीचं, हे बाळंतिणीचं, याला घाम लई लागलाय.

तिची झाकली वाकळ तर पंचक्रोशीत नावाजलेली होती. झाकली म्हणजे, नक्षी काय निघणार हे शेवटचा टाका पडेपर्यंत ती कुणाला सांगत नसे. "आज चार बोटांच्या पट्ट्या. उद्याचं उद्या," एवढंच म्हणायची. सगळं कापड आधी कापून व्हायचं, मग जोडणी. मी पट्ट्या कापायची, पण पुढे काय होणार ते मलाही कळत नसे. कापताना ती गुणगुणायची,

चिंधीला जोडी चिंधी, मधी दोऱ्याची गं वाट
उसवलं माणूस बाई, कशी मारू त्याला गाठ

बाया मला हातात घेऊन म्हणायच्या, "कातर हाय का लोणी!" तेव्हा मला फार बरं वाटे.

मग सात वर्षांपूर्वी तिचा धाकटा मुलगा बसवेश हैदराबादला बांधकामावर गेला. चार महिने फोन येत राहिला, पुढे थांबला. थोरला सिद्धलिंग त्याला शोधायला गेला. बाराव्या दिवशी परत आला आणि दारातच म्हणाला, "पत्ता न्हाई लागला, अव्वा." लिंगम्मा तापाने फणफणली होती. तिने कूस बदलली. त्या दिवसापासून तिने मला हातात घेतलं नाही.

मी दिवळीत पडून राहिले. माझ्या खिळ्यावर तांबडा गंज चढला. बाजारात मऊ मऊ ब्लँकेटं आली, गाठोडी यायची थांबली. घरात रोज एक ताट जास्त वाढलं जाई आणि तसंच झाकून ठेवलं जाई. बसवेशची बायको भुवनेश्वरी हातातल्या हिरव्या बांगड्या सांभाळून भाकरी थापी. सिद्धलिंग त्या ताटाकडे पाठ करून जेवे. मित्रांनो, तुमच्या घरात कातर असेल तर तिला तेलाचं एक बोट लावत जा, कोरड्या फडक्यात ठेवत जा. आणि घरातलं कुणी असं पाठ करून जेवत असेल, तर त्याच्यासमोर जाऊन बसा. माझ्या घरात तसं कुणी बसलं नाही.

या साली बसवेशच्या मुलीला, मंजुश्रीला, कलबुर्गीला नर्सिंगच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. होस्टेलात राहायचं. तेव्हा लिंगम्मा उठली, मला दिवळीतून काढलं, राखेने घासलं, खिळ्यात तेल सोडलं. म्हणाली, "लेकराला वाकळ करती. झाकलीच करती."

अंगणात ढीग लागले. मंजुश्री पट्टीचं टोक धरून बसली. "आज्जी, सांग की, काय निघंल? हत्ती का मोर?"

"तुझ्या नवऱ्याचं तोंड निघंल! सरळ धर, वाकडी कापायली बघ."

"मग तर वाकडंच निघू दे!"

भुवनेश्वरीसुद्धा हसली. मला वाटलं, घराला जाग आली. पण चौथ्या दिवशी गडद पट्ट्या नऊ कमी पडल्या.

"बाजारातून निळा कपडा आणते," मंजुश्री म्हणाली.

"कोरं कापड वाकळीत न्हाई घालत. ज्याला कुणाच्या अंगाची ऊब लागली न्हाई, ते तुला काय देणार?"

भुवनेश्वरी आत गेली आणि ट्रंकेतून बसवेशचा गडद निळा सदरा घेऊन आली. मंजुश्रीने तो नाकाशी धरला. "ह्योच घाल, आज्जी. अप्पाचा."

लिंगम्माचा हात थांबला. मित्रांनो, तिच्या कामाचा एक नेम होता आणि तो तिने एकदाही मोडला नव्हता. जित्या माणसाचं कापड त्याने आपल्या हाताने दिल्याशिवाय कापायचं नाही. तो आपणहून "दिलं" म्हणतो, मगच मी चालते. माणूस गेलेलं असेल, तर घरातला थोरला पुरुष ते कापड देतो.

"ठेव आत," लिंगम्मा म्हणाली. "माझं लेकरू येऊन आपल्या हातानं देईल."

"सात वर्षं झाली, अत्ते," भुवनेश्वरी म्हणाली. "मी काय म्हणून जगायली, तेवढं तरी मला कळू दे."

"जिता हाय त्यो. मला ठावं हाय."

तेव्हा उंबऱ्यावर बसलेला सिद्धलिंग उठला. त्याने पुतणीच्या हातातून सदरा घेतला, झटकला, घडी घातली आणि दोन्ही हातांनी आईच्या पुढ्यात धरला.

"घे, अव्वा. दिलं."

"तू कोण देणारा?" लिंगम्मा ओरडली. "तुझा हाय व्हय त्यो? कामून देतोस?"

त्याने सदरा मागे घेतला नाही. मंजुश्री उठून उभी राहिली. भुवनेश्वरीने भिंत धरली. लिंगम्माची बोटं माझ्या भोकांत तशीच अडकून होती. त्या बोटांतला जीव जाताना मला कळला.

"थोरला म्हणून देतो," सिद्धलिंग म्हणाला. "बांधकामाच्या माळ्यावरून पडला व्हता. म्या पोचलो तवा तीन दिस झाले व्हते. तिथंच खड्डा घेतला, आपल्या लिंगायताच्या रीतीनं त्याला बसवलं, त्याच्या गळ्यातलं लिंग तळहातावर ठिवलं आन् ह्या हातांनी माती लोटली. घरी आलो तर तू तापात. हिच्या हातात बांगड्या वाजायल्या व्हत्या. माझं तोंडच उघडलं न्हाई, अव्वा. सात वर्षं न्हाई उघडलं."