सोळाशे करड्या चौकटी

ताईने सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी स्वच्छ आवाजात विचारलं, "छोट्या, माझ्या छकुलीचा फोटो कुठंय रे?"

छोट्या म्हणजे तिचा बासष्ट वर्षांचा भाऊ. विसरण्याच्या आजाराने ताईच्या मनातून एकेक माणूस पुसत नेला होता. सहाव्या वर्षी देवाघरी गेलेली तिची लेक आठ महिन्यांत तिच्या तोंडी आली नव्हती. आज आली होती, पण किती वेळ टिकेल कोण जाणे.

फोटो होता. जन्मभर स्टुडिओ चालवलेल्या या गृहस्थाने घरच्या-दारच्या सगळ्या निगेटिव्ह सोळा बिटमध्ये स्कॅन केल्या होत्या, रंगाची एक छटाही हरवायला नको म्हणून. नावं मात्र दिली नव्हती, नुसते आकडे. "फोटो चेहऱ्यावरून ओळखायचा असतो," ही त्याची ऐट. जुन्या कॉम्प्युटरवर फोल्डर उघडलं की सगळे चेहरे ओळीने दिसायचे, त्यामुळे ती खपूनही गेली. गेल्या आठवड्यात नवा कॉम्प्युटर आला आणि त्यावर चेहऱ्यांच्या जागी उरल्या सोळाशे एकसारख्या करड्या चौकटी.

एकेक फाइल उघडायला मिनिटभर. पहिलीत रुसलेला नवरदेव. दुसरीत तोच, आणखी रुसलेला. चाळीस फायलींनंतर त्याने हात टेकले आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

"काका, सेटिंगमध्ये 'नेहमी आयकॉनच दाखवा' असं असेल, त्यावरची खूण काढा."

काढली.

"आता साठलेली जुनी छोटी चित्रं पुसून मशीन परत सुरू करा."

केलं. चौकटी करड्याच.

"मग सोळा बिटचंच लफडं आहे. तुमच्या मशीनला आठ बिटच्या फायलींचेच चेहरे कळतात. सगळ्यांच्या आठ बिटच्या प्रती काढायला लावा. तीनेक तास जातील."

अति तिथे माती, ती अशी. त्याने बटण दाबलं आणि हातावर हात ठेवून बसला. मशीन इतकं गुंतलं की दुसरं काही उघडेना.

"मिळाला का रे?" ताईने विचारलं.

"मिळतोय, ताई."

दर पाच-दहा मिनिटांनी ती विचारत होती. पहिल्यांदा त्याला दिलासा वाटला, मग चीड आली, मग स्वतःचीच लाज वाटली.

दुपारी एकच्या सुमारास पडदा चेहऱ्यांनी भरून गेला. तिसऱ्या ओळीत छकुली, पिवळा फ्रॉक, पुढचे दोन दात पडलेले. तो जवळजवळ ओरडलाच, "ताई, ही बघ!"

आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की बऱ्याच वेळात ताईने विचारलंच नव्हतं.

ती वाकून कौतुकाने बघत राहिली. "गोड आहे गं बाई. कुणाची रे ही?"

'तुझी' म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग कुठंय ती?

"स्टुडिओत यायची," तो कसाबसा म्हणाला.

"मग आण की एकदा घरी," ताई म्हणाली. "खाऊ देईन मी तिला."