कड्यामागची कॉफी

“हात लावू नकोस तिला!”

ओटिलियाने पुढे केलेला हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

चक्की वेतुरियाच्या मांडीवर होती. जुनी, लाकडी, पेटीएवढी. वर पितळेची वाटी, बाजूला खण, आणि फिरवायला वाकडी मूठ. वेतुरियाने मूठ काढली, स्क्रू सोडवला, मधला दातेरी लोखंडी गोळा बाहेर ओढला आणि नाकाशी धरला. एकदा हुंगला, फिरवला, पुन्हा हुंगला.

“मास्तरीणबाई, माझ्या चक्कीत हरभरे कुणी दळले?”

“हरभरे?”

“हरभरे. भाजलेले. भाजता भाजता करपवलेले. माझे गुडघे गेले, डोळे निम्मे गेले. नाक अजून जिथल्या तिथे आहे.”

ओटिलियाने ओढणीसारखा बांधलेला गळ्यातला रुमाल सोडला, परत बांधला. शेजारच्याच दाराची ही बाई. वीस वर्षं पोरांना भूगोल शिकवत आली होती. पण वेतुरियासमोर उभी राहिली की तिचीच इयत्ता दुसरी व्हायची.

ब्राइला शहराच्या बंदराजवळच्या त्या चार मजली इमारतीत कॉफीची हातचक्की एवढी एकच उरली होती. विजेच्या चक्क्या आल्या तेव्हा सगळ्यांनी हातातल्या गावाकडे धाडून दिल्या. घरात अडगळ नको म्हणे! आता वीज यायची तिच्या मर्जीने नि जायची तिच्या मर्जीने. बिया अर्ध्या फुटल्या की चक्की गप्प. मग सगळ्या निघाल्या वेतुरियाच्या दाराशी, पदराआड पुड्या लपवून. हातातली टाकू नका, असं तिने तेव्हाच सांगितलं होतं. पण जहाजाच्या कारखान्याच्या खानावळीत तीस वर्षं कढया घासणाऱ्या, चार यत्ता शिकलेल्या बाईचं ऐकतो कोण?

बोटींवरच्या खलाशांकडून कुणाला मूठभर, कुणाला पावशेर बिया मिळायच्या. वेतुरिया चक्की गुडघ्यांत धरून दळून द्यायची. मोबदला नाही. नियम मात्र दोन. पहिला, तिच्या चक्कीत खरी कॉफीच दळायची. दुकानात कॉफी म्हणून जे मिळे, ते जव आणि हरभऱ्याचं भुसकट, ज्याला सगळं गाव घोड्याची कॉफी म्हणे, ते उंबऱ्याबाहेर. दुसरा, खणातलं ज्याचं त्याने न्यायचं. दात्यांत अडकेल ते चक्कीचं.

ते अडकलेलं ती नवऱ्याच्या दाढीच्या ब्रशने झाडायची. गोळ्याच्या एकेका खाचेतून, न कंटाळता, न सांडता. एका दळणामागे चिमूटभर निघायचं, तीही मुंगीच्या हातची चिमूट. ती मोहरीच्या रिकाम्या बरणीत जायची. गेल्या नोव्हेंबरपासून या नोव्हेंबरपर्यंत बरणी बोटभर भरली होती. एका कपापुरती. तो कप कुणाचा, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं.

शनिवारी तिच्या नवऱ्याला, पेत्राकेला, जाऊन वर्ष होत होतं. वर्षाच्या दिवशी मेलेल्याच्या नावाने जे जिवंत माणसाच्या हातात द्यावं, ते त्याला पोचतं. पण ते स्वतःचं असावं लागतं. मागून आणलेलं वाटेतूनच परत फिरतं, असं वेतुरियाची आई सांगायची.

“बोल की.”

“मंगळवारी तुम्ही अंड्यांच्या रांगेत होतात,” ओटिलिया म्हणाली. “तुमची किल्ली माझ्याकडे होती. सोमवारी शाळेत तपासणीवाले यायचेत, मावशी. त्यांची कॉफी मुख्याध्यापिकेने माझ्या गळ्यात मारलीय. बहिणीकडून बियांचं पार्सल आलं नाही. म्हटलं, थोडे हरभरे दळून बघावं, रंग तरी येतो का.”

“आला?”

“नाही.”

“येणार कसा! गाढवाला खोगीर घातलं म्हणून घोडा होतो?” वेतुरियाने गोळा फडक्यावर ठेवला. “बरं. दळलंस ते दळलंस. निदान झाडलंस का?”

“झाडलं ना. तुम्ही झाडता तसंच. ब्रशने, अगदी सगळं...” ओटिलियाचा आवाज बसत गेला. तिची नजर फळीवरच्या बरणीकडे गेली आणि तिथेच अडकली. “अगं बाई.”

“बरणीत?”

“हाताला सवय हो, मावशी! वर्षभर तुम्हाला बघतेय. झाडायचं नि बरणीत टाकायचं. टाकलं, आणि झाकण लावून बरणी जरा आपटलीसुद्धा. खाली बसावं म्हणून.”

वेतुरियाच्या जिभेला हाड नव्हतं असं इमारतीत म्हणत. आत्ता मात्र ती चक्की बाजूला ठेवून उठली. तिने बरणी उतरवून खिडकीशी नेली. काळ्यात पिवळट कण, वरपासून बरेच खालपर्यंत.

“जा तू,” ती म्हणाली.

“मावशी...”

“जा म्हटलं ना. आत्ता काही बोलले तर जन्मभर तुला पुरेल.”

ओटिलिया गेली. वेतुरिया बरणी घेऊन बसून राहिली.

गेल्या वर्षी इस्पितळात पेत्राकेने एकच गोष्ट मागितली होती. “एक कप कॉफी आण गं. खरी.” तिने चार दिवस बंदर पालथं घातलं. कुणाकडे बी नव्हती. असेल त्याने नाही म्हटलं असेल, देव जाणे. शेवटी तिने घोड्याची कॉफी दाट उकळली, थर्मासमध्ये भरली आणि मान ताठ ठेवून, खरी म्हणून, त्याच्यापुढे धरली. जिन्यात वास आला की कुठल्या मजल्यावर कुठली कॉफी शिजतेय ते सांगणारा माणूस. एक घोट घेतला, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, “व्वा. खरी आहे.” आणि कप संपवला.

तेहेतीस वर्षांच्या संसारात तो तिच्याशी एकदाच खोटं बोलला, ते असं. आणि ती एकदाच, ते त्याच्या आधी घटकाभर.

आता वर्षाच्या दिवशी परत त्याच्या हातात हरभरे ठेवायचे?

संध्याकाळी तळमजल्यावरची सांदा आली. इस्पितळात परिचारिका होती. एप्रनच्या खिशातून तिने कागदाची पुडी काढली आणि टेबलावर ठेवली.

“ओटिलियाबाई जिन्यात रडत होत्या. सांगितलं त्यांनी. घ्या, मावशी. एका पेशंटने दिल्यात.”

“उचल.”

“अहो, मूठभर तर आहेत.”

“मूठभर असोत नाहीतर पोतंभर. पेशंटने तुला दिल्या, मला नाही. माझा नवरा काय देवळाच्या पायरीवर बसलाय?”

“किती हो ताठा!”

“ताठ्यावरच उभी आहे, बाई. गुडघे कधीच गेले.”

सांदा हसली, आणि पुडी परत खिशात घालून निघाली. दारात वळून म्हणाली, “एक सांगते. काकांचा शेवटचा आठवडा माझ्याच वॉर्डात गेला. बायकोने खरी कॉफी आणली म्हणून ते सगळ्यांना सांगायचे.”

वेतुरियाने दार लावून घेतलं. जरा जोरातच.

शुक्रवारी सकाळी तिने चमच्याच्या टोकाने वरचा मिसळलेला थर काढला. काढता काढता थांबवेना; जिथे पिवळा कण दिसेल तिथून उचल. खाली शुद्ध उरलं ते अर्ध्या कपालाही कमी. अर्धा कप कुणाला देत नाहीत. भिकाऱ्यालाही नाही.

तिने चक्की ओढली. हरभऱ्याचा वास तरी काढू म्हणून गोळा पुसला, खाचा सुईने कोरल्या, सुक्या तांदळाचे दाणे दळून टाकले. पाणी नाही. लोखंडाच्या दात्यांना पाणी दाखवायचं नसतं, हे पेत्राकेने तिला लग्नानंतर आठव्या दिवशी शिकवलं होतं, जेव्हा तिने नवी सून म्हणून चक्की साबणाने घासून चकचकीत केली आणि दुसऱ्या दिवशी ती तांबारली होती. कारखान्यात लेथवर काम करणारा माणूस. गंज काढायला त्याला चार रात्री लागल्या, आणि एका शब्दाने तो रागावला नाही. फक्त म्हणाला, “कोरडी ठेव हिला. हिला ओलं आवडत नाही, तुला उलट बोललेलं आवडत नाही. दोघींना सांभाळीन मी.”

ब्रश फिरवता फिरवता तिचा हात आतल्या कड्यापाशी थांबला. गोळा ज्यात फिरतो ते लोखंडी कडं लाकडात घट्ट बसवलेलं होतं. पेत्राकेने सगळी चक्की शंभरदा उघडली, पण हे कडं कधी काढलं नाही. “लाकूड फुटेल,” म्हणायचा. “त्याच्यामागे जातं ते जाऊ दे. चक्कीलाही पोट आहे.”

चक्कीलाही पोट आहे.

वेतुरिया उठली. पलंगाखालची त्याची हत्यारांची पेटी ओढली. वर्षभर उघडली नव्हती. पाना, पेचकस, तेलाची कुपी, सगळं त्याने ठेवलं तसं. तिने चक्की उलटी केली. खालचे तीन स्क्रू. दोन सुटले. तिसरा हलेना. तेलाचा थेंब सोडला, वाट बघितली, मग दोन्ही हातांनी पेचकस पिळला. स्क्रू फिरला, आणि चक्कीच्या कोपऱ्यातून काटकी मोडावी तसा आवाज आला.

वरपासून खालपर्यंत चीर.

तिने डोळे मिटले. इमारतीतली एकुलती एक चक्की. त्याचा हात फिरलेली. “फुटली तर फुटली,” ती मोठ्याने म्हणाली, जणू कुणी समोर बसून तिला बोल लावत होतं. आणि कडं बाहेर काढलं.

मागे कॉफी होती. लाकूड आणि लोखंडाच्या मधल्या फटीत दाबली जाऊन वडीसारखी घट्ट झालेली, काळीभोर. तिने सुरीच्या टोकाने उकरली तेव्हा ढलप्या निघाल्या. सगळ्यात आतली लग्नाच्या वर्षाची असणार, ग्रीक खलाशाकडून चक्की घेतली तेव्हाची. मग पोराच्या बारशाची. मग कढया घासून हात सोलवटायचे त्या हिवाळ्यांची, जेव्हा पेत्राके पहाटे आधी उठून दळायचा, तिला उठवायला आवाज पुरे व्हायचा. मग पोरगा कॉन्स्टान्ट्साला नोकरीला गेला त्या सकाळची, जिचा कप कुणीच संपवला नाही. यात एकही हरभरा नव्हता. कुणाची दया नव्हती. सगळी तिच्या घरची.

वास घेतला. जुनाट, तेलकट, लाकडासारखा. चांगला नव्हता. ती स्वतःला फसवणाऱ्यांतली नव्हती. पण खरा होता.

बरणीतल्याबरोबर मिसळून बरोबर एक कप झाला.

शनिवारी देवळातून आल्यावर साखर-अक्रोड घातलेल्या शिजवलेल्या गव्हाच्या वाट्या तिने मजल्यामजल्यावर पोचवल्या. मग पितळी भांड्यात कॉफी ठेवली, फेस चढू दिला, कपात ओतली, कप तबकात घेऊन शेजारी पेटती मेणबत्ती आणि नवा टॉवेल ठेवला, आणि शेजारच्या दारावर कोपराने थाप मारली.

ओटिलियाने दार उघडलं. डोळे अजून सुजलेले.

“मला?” ती म्हणाली. “मावशी, मी तर...”

“शेजारी तू आहेस. आणखी कुणाला देऊ, राज्यपालाला? धर.” मग तिचा आवाज वेगळा झाला, देवळातला. “पेत्राकेच्या आत्म्यासाठी.”

“देव हे त्याला पोचवो,” ओटिलिया म्हणाली, आणि कप दोन्ही हातांनी घेतला.

“जुनी आहे,” वेतुरियाने सांगून टाकलं. “चक्कीच्या पोटातली. कडू लागेल.”

ओटिलियाने घोट घेतला. तिच्या गळ्यापाशी काहीतरी हललं, एक क्षण थांबलं, मग खाली गेलं. तिने वेतुरियाकडे बघितलं.

“खरी आहे, मावशी,” ती म्हणाली. आणि उरलेला कप शेवटच्या गाळापर्यंत संपवला.

वेतुरिया उंबऱ्यावर तशीच उभी राहिली. कुणी दया दाखवली की ती तिथल्या तिथे परत करायची, व्याजासकट. ही तिने घेतली. रिकामा कप हातात घेतला आणि त्याचं बूड अंगठ्याने पुसलं.

“तुझे ते हरभरे,” ती म्हणाली. “उरलेत का?”

“आहेत. का?”

“सोमवारी तपासणीवाल्यांना काय पाजणार आहेस, तुझा भूगोल? आण. आणि परत भाज जरा, मंद आचेवर. माझ्या देखत. करपवलेस तर हाकलून देईन.”

“पण तुमच्या चक्कीत...?”

“माझ्याच चक्कीत. आणखी कुणाच्या?”

स्वयंपाकघरात हरभरे खमंग होईपर्यंत वेतुरियाने कडं जागेवर बसवलं, गोळा बसवला, मूठ लावली. चीर मात्र मिटेना. गुडघ्यांत धरून मूठ फिरवली की कोपरा उघडायचा आणि पेटी हलायची. दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा मूठ सोडली.

“ये इकडे,” ती म्हणाली.

ओटिलिया आली, आणि सवयीने हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

“लांबून काय बघतेस? धर इथे. दोन्ही बाजूंनी. घट्ट.”

ओटिलिया तिच्यासमोर फरशीवर बसली, आणि तिने चिरेच्या दोन्ही अंगांना तळवे लावून पेटी मिटून धरली. वेतुरियाने वाटीत हरभरे ओतले आणि मूठ फिरवायला लागली. खिडकीत, मोहरीच्या रिकाम्या बरणीशेजारी, दाढीचा ब्रश धुऊन वाळत घातला होता.